करडे खोकड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना कधी संध्याकाळी परसातल्या कुंपणाच्या अरुंद फळीवरून तोल सांभाळत जाणारा एक राखी रंगाचा प्राणी दिसतो, आणि हे मांजर की कोल्हा असा प्रश्न पडतो. तो प्राणी बऱ्याचदा करडे खोकड असतो. त्याच्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

मराठीत याला करडा कोल्हा म्हणावे की करडे खोकड?

उसाच्या फडात दडणारा आणि रात्री कोल्हेकुई करणारा आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल. तो लांडग्याचा जवळचा नातेवाईक आहे. इंग्रजीत ज्याला फॉक्स म्हणतात, तो आपल्याकडचा प्राणी म्हणजे खोकड. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर किंवा पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील पडीक रानांत बिळे करून राहणारे, लहान चणीचे आणि झुपकेदार शेपटीचे खोकड जुन्या पिढीतील मेंढपाळांना चांगले परिचित आहे. इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या तेव्हा त्यांतल्या फॉक्सचा कोल्हा झाला आणि तेव्हापासून हा गोंधळ चालत आला आहे. म्हणून येथे आम्ही करडे खोकड हेच नाव वापरले आहे. पुढे दिसेल की तेही सोयीचेच नाव आहे, कारण हा प्राणी खऱ्या खोकडांच्या प्रजातीत मोडत नाही.

त्याचे शास्त्रीय नाव यूरोसायन सिनेरिओअर्जेंटियस. पहिल्या शब्दातून शेपटीवाला कुत्रा असा आणि दुसऱ्यातून राखी-रुपेरी असा अर्थ निघतो. जर्मन निसर्गअभ्यासक श्रेबर यांनी १७७५ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. मध्य अमेरिकेत काही ठिकाणी लोक त्याला स्पॅनिशमध्ये गातो दे मोन्ते, म्हणजे रानमांजर, म्हणतात. शास्त्रीय नावापेक्षा हे लोकनाम प्राण्याच्या स्वभावाच्या अधिक जवळ जाते, असे आम्हाला वाटते.

ते दिसते कसे? लाल खोकडापासून वेगळे कसे ओळखावे?

पूर्ण वाढलेल्या करड्या खोकडाचे वजन साधारण ३ ते ७ किलो असते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी सुमारे ८० ते ११० सेंटिमीटर भरते आणि त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग शेपटीचा असतो. पाठीवर काळ्या-पांढऱ्या केसांची मिरमिरीत करडी झाक असते, गळा पांढरा असतो आणि मान, कानांमागचा भाग व पाय तांबूस असतात. हा तांबूस रंगच पाहणाऱ्याला फसवतो. लाल खोकड पाहिल्याचे सांगणाऱ्या अनेकांनी प्रत्यक्षात करडे खोकड पाहिलेले असते.

खात्री करायची असेल तर अंगाचा रंग सोडून शेपटीकडे पाहावे. लाल खोकडाच्या शेपटीचा गोंडा बहुधा पांढरा असतो. करड्या खोकडाच्या शेपटीवर वरच्या बाजूने राठ केसांचा काळा पट्टा असतो आणि टोकही काळेच असते. लाल खोकडाच्या पायांवर गुडघ्यापर्यंत काळे मोजे घातल्यासारखे दिसतात, तसे करड्या खोकडाच्या पायांवर दिसत नाही. त्याचे पाय तुलनेने आखूड आणि तोंड कमी लांबुळके असते. जवळून छायाचित्र मिळाले तर डोळ्याची बाहुलीही पाहता येते. लाल खोकडाची बाहुली मांजरासारखी उभी फट असते आणि करड्या खोकडाची लंबगोल असते.

हा प्राणी खरोखर झाडावर चढतो का?

होय, आणि तेही सहज, रोजच्या व्यवहाराचा भाग म्हणून. श्वानकुलातील इतर बहुतेक प्राणी फार तर तिरप्या खोडावरून चार पावले वर जातात. करडे खोकड सरळ उभ्या खोडाला पुढच्या पायांनी मिठी मारते, मागच्या पायांनी स्वतःला वर ढकलते आणि मग एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उड्या घेत जाते. श्वानकुलात झाडावर चढण्याची अशी सवय असलेला दुसरा प्राणी म्हणजे पूर्व आशियातील रकून डॉग, पण त्याला करड्या खोकडाची सफाई नाही.

हे कसब त्याच्या हाडांत आणि नखांत आहे. नखे बाकदार आणि टोकदार असतात. जमिनीवर सतत घासून ती कुत्र्याच्या नखांसारखी बोथट होत नाहीत. त्याहून महत्त्वाचा आहे पुढचा पाय. कुत्रा किंवा लांडगा यांचा पुढचा पाय धावण्यासाठी पुढे-मागे हलण्यापुरता बांधलेला असतो आणि कोपराखालचा भाग आत-बाहेर फारसा वळत नाही. करड्या खोकडात मात्र कोपराखालची दोन हाडे एकमेकांभोवती पुरेशी फिरतात, त्यामुळे पंजा आतल्या बाजूस वळवून खोडाला कवटाळता येते. उतरताना ते मांजरासारखे शेपटीकडून मागे मागे सरकत येते, किंवा खोड तिरपे असेल तर डोके खाली करून धावत उतरते.

झाडाचा उपयोग तीन प्रकारे होतो. शत्रू मागे लागला की तो आसरा असतो, दुपारी विश्रांतीची जागा असते आणि फळांच्या हंगामात तेच कोठार होते. काही वेळा पोकळ खोडातच पिल्ले घातली जातात. जमिनीपासून सुमारे ९ मीटर उंचीवरील ढोलीत बिऱ्हाड केल्याच्या नोंदी आहेत. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही म्हण या प्राण्याला लागू पडत नाही. रानद्राक्षे त्याच्या आहारात आहेत आणि वेल झाडावर चढलेला असला तरी ते मागे फिरत नाही.

ते खऱ्या खोकडांच्या प्रजातीत मोडत नाही, म्हणजे नेमके काय?

आजच्या श्वानकुलाची वंशवेल काढली तर तिच्यावर लांडगे, कोल्हे आणि कुत्रे यांची एक फांदी, दक्षिण अमेरिकेतील श्वानांची तिला लागून दुसरी आणि लाल खोकड, आपले भारतीय खोकड, ध्रुवीय खोकड वगैरेंची आणखी एक फांदी दिसते. करडे खोकड यांपैकी कोणत्याही फांदीवर बसत नाही. त्याचा वंश, जनुकीय अंदाजांनुसार साधारण एक कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, इतर सर्वांपासून वेगळा झाला. आज जिवंत असलेल्या श्वानवंशांतील ही सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा मानली जाते. ॲरिझोना राज्यात सापडलेले या प्रजातीचे जीवाश्म सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वीचे आहेत.

पुरावा गुणसूत्रांतही दिसतो. लाल खोकडात ३४ मुख्य गुणसूत्रे असतात, कुत्र्यात ७८ आणि करड्या खोकडात ६६. कवटीही वेगळी असते. तिच्या माथ्यावरचे दोन कंगोरे एकमेकांपासून दूर राहून घोड्याच्या नालासारखा आकार तयार करतात, म्हणून संग्रहालयातील पेटीत नुसती कवटी पडलेली असली तरी जाणकार ती क्षणात ओळखतो. मग लाल खोकड आणि करडे खोकड इतके सारखे का दिसतात? उंदीर, किडे आणि फळे यांवर जगणारा, रात्री हिंडणारा छोटा श्वान घडवायचा तर निसर्गाकडे फार वेगळे आराखडे नसतात. दोन वंश निरनिराळ्या वाटांनी एकाच ठिकाणी येऊन पोहोचले.

या जातीच्या आतही एक जुनी दुफळी आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील करडी खोकडे जनुकीय दृष्ट्या काही लाख वर्षे एकमेकांपासून दूर राहिलेली दिसतात. मधल्या विस्तीर्ण गवताळ मैदानात झाडे नव्हती, आणि ज्याचे सगळे जगणे झाडाझुडपांशी बांधलेले आहे त्याला ती मैदाने ओलांडणे सोपे नव्हते.

ते कुठे आढळते?

कॅनडाच्या दक्षिण सीमेपासून अमेरिका, मेक्सिको आणि मध्य अमेरिका ओलांडून कोलंबिया व व्हेनेझुएलाच्या उत्तर भागापर्यंत. उत्तरेकडील रॉकी पर्वत आणि मोठी गवताळ मैदाने यांत ते बहुतांशी नाही. पूर्वेकडे त्याला पानगळीचे जंगल आवडते, पश्चिमेकडे दाट काटेरी-झुडपी टेकड्या, ओकची राने आणि खडकाळ घळी. कॅनडात ते धोक्यात आलेल्या प्राण्यांत गणले जाते. तेथे एरी सरोवरातील पेली बेटावर त्याची पैदास होते. डेलावेअर राज्याने २०१० मध्ये त्याला आपला राज्य वन्यप्राणी म्हणून मान दिला.

ते काय खाते?

सोप्या भाषेत सांगायचे तर ऋतू जे देईल ते. हिवाळ्यात पूर्वेकडे त्याची मुख्य शिकार म्हणजे कॉटनटेल जातीचे ससे, शिवाय उंदीर आणि घुशीसारखे कृंतक व लहान पक्षी. उन्हाळ्यात नाकतोडे आणि भुंगेरे यांचा वाटा वाढतो. शरद ऋतूत मात्र हा मांसाहारी गणातला प्राणी जवळजवळ फळाहारी होतो. ज्युनिपरची बोरांएवढी फळे, मॅन्झानिटाची पिठूळ फळे, हॅकबेरी, ओकची फळे, रानद्राक्षे आणि पर्सिमन ही त्याची खास आवड. यांतले पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्याच प्रजातीतले झाड, आणि पिकलेले टेंभूर ज्यांनी रानात खाल्ले आहे त्यांना या प्राण्याची ओढ लगेच समजेल. पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशांत वर्षाचे काही महिने त्याची विष्ठा निव्वळ बियांनी भरलेली असते.

या बियांकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. फळाचा गर पचतो आणि अनेक जातींच्या बिया शाबूत बाहेर पडतात. खोकडाला आपली विष्ठा पायवाटांवर, दगडांवर, ओंडक्यांवर ठळक जागी टाकण्याची सवय आहे, कारण ती त्याच्या हद्दीची खूण असते. परिणामी मूळ झाडापासून बऱ्याच अंतरावर, मोकळ्या जागी बी जाऊन पडते. एका डोंगरउतारावरची झुडपे दुसऱ्या उतारावर पोहोचवण्याच्या कामात पक्ष्यांचा वाटा सर्वांना माहीत असतो. खोकडाचा वाटा क्वचितच कोणी मोजतो.

दिवसा दिसलेले खोकड पिसाळलेले असते का?

नाही. ते प्रामुख्याने रात्री आणि तिन्हीसांजेला हिंडते, पण दिवसा बाहेर पडणे हे आजाराचे लक्षण नव्हे. वसंत आणि उन्हाळ्यात पिल्लांची पोटे भरण्यासाठी आईबाप भर दुपारीही शिकार करतात. काळजीची लक्षणे वेगळी असतात. झोकांड्या खाणे, डोळ्यांतून व नाकातून स्राव येणे, माणसाची भीती अजिबात न वाटणे, एकाच जागी गोल फिरत राहणे असे काही दिसले तर जवळ जाऊ नये आणि स्थानिक वन्यजीव विभागाला कळवावे.

त्यांचे कुटुंब कसे असते?

नर आणि मादी बहुधा जोडीने राहतात. समागमाचा काळ दक्षिणेत लवकर आणि उत्तरेत उशिरा, साधारण जानेवारी ते एप्रिल या दरम्यान येतो. सुमारे ५३ दिवसांनी मादी सरासरी चार पिल्लांना जन्म देते. पिल्ले काळपट रंगाची असतात आणि दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. बिळासाठी करडी खोकडे फार खोदकाम करत नाहीत. खडकातील कपार, पडलेल्या झाडाखालची पोकळी, झाडाची ढोली, फांद्यांचा ढीग, ओसाड शेडच्या फरशीखालची जागा यांतले काहीही चालते. मादी पिल्लांजवळ असताना नर अन्न आणून देतो. तीन महिन्यांची पिल्ले आईबापांबरोबर शिकारीला निघतात, चौथ्या महिन्यात स्वतः पोट भरू लागतात आणि थंडीच्या सुमारास आपापली वाट धरतात. त्यातल्या माद्या पुढच्याच हंगामात आई होऊ शकतात.

त्याचे शत्रू कोण?

सोनेरी गरुड, बॉबकॅट व प्यूमा हे मार्जारकुलातील शिकारी, पिल्लांच्या बाबतीत मोठी शिंगवाली घुबडे, आणि सर्वांत महत्त्वाचा कायोटी, म्हणजे लांडग्याचा उत्तर अमेरिकेतील लहान चणीचा नातेवाईक. कायोटी अनेकदा करड्या खोकडाला मारतो आणि न खाता टाकून देतो, म्हणजे हा भुकेपेक्षा स्पर्धेचा प्रश्न आहे. दोघांचे अन्न बरेचसे एकच आहे. विसाव्या शतकात लांडगे नाहीसे झाल्यावर कायोटी पूर्वेकडे पसरत गेला आणि तेथील करड्या खोकडांना अनोळखी असलेला एक प्रतिस्पर्धी त्यांच्या रानात आला. अशा वेळी झाड म्हणजे जीव वाचवण्याची जागा ठरते. म्हणूनच जेथे दाट झाडी टिकून आहे तेथे ही दोन्ही जनावरे शेजारी राहू शकतात, आणि रान विरळ झाले की लहान प्राण्याची बाजू लंगडी पडते.

त्याला कोणते रोग होतात?

लाल खोकडांना हैराण करणारी खरूज करड्या खोकडांना तुलनेने कमी बाधते. कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग मात्र त्यांच्यासाठी काळच आहे. २०१६ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातील पालो आल्टो शहराच्या खाडीकाठच्या दलदलीत राहणारी करडी खोकडे या रोगाने नाहीशी झाली. वर्षानुवर्षे कॅमेऱ्यांतून ओळखीची झालेली कुटुंबे काही आठवड्यांत संपली. हाच विषाणू रकून (रकून डॉगहून वेगळा, श्वानकुलाबाहेरचा प्राणी) आणि लस न दिलेल्या पाळीव कुत्र्यांतही असतो, म्हणून आपल्या कुत्र्याचे लसीकरण वेळेवर करणे ही खोकडांसाठी करता येण्याजोगी सर्वांत सोपी गोष्ट आहे.

रेबीजचा एक खास प्रकार टेक्सास आणि ॲरिझोना भागातील करड्या खोकडांत फिरत असे. टेक्सास राज्याने १९९६ पासून पश्चिम-मध्य भागात विमानातून लसयुक्त आमिषे टाकण्याची मोहीम सुरू केली आणि तेथील या प्रकाराची लागण झपाट्याने उतरली. प्राणी मारून रोग आटोक्यात आणण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा हा मार्ग कितीतरी शहाणपणाचा होता.

कॅलिफोर्नियाच्या बेटांवरील खोकडांची गोष्ट काय आहे?

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरील चॅनल बेटांपैकी सहा बेटांवर करड्या खोकडाचे बुटके वंशज राहतात. यूरोसायन प्रजातीतील ही दुसरी जाती. ही खोकडे घरच्या मांजरापेक्षाही लहान असू शकतात, आणि प्रत्येक बेटावरची उपजाती वेगळी आहे. दक्षिणेकडील बेटांवर त्यांना तेथील मूळ रहिवाशांनी होडीतून नेले असावे असे मानले जाते.

१९९० च्या दशकात उत्तरेकडील तीन बेटांवर ती भराभर संपू लागली. कारण शोधताना जी साखळी उलगडली, तिच्यातली एकेक कडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. किनाऱ्याजवळच्या समुद्रात गेलेल्या डीडीटी या कीटकनाशकामुळे बाल्ड ईगल पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते बेटांवरून नाहीसे झाले. बाल्ड ईगल मुख्यतः माशांवर जगतो, पण आपल्या हद्दीत दुसऱ्या गरुडाला टिकू देत नाही. तो गेल्यावर मुख्य भूमीवरून सोनेरी गरुड आले. सांता क्रूझ बेटावर माणसांनी आणलेली डुकरे रानटी झाली होती. त्यांच्या पिल्लांवर या गरुडांचे वर्षभर पोट भरू लागले आणि जोडीला, दिवसाही निर्धास्त हिंडणारी खोकडे त्यांच्या तावडीत सापडू लागली. त्यांना आकाशातल्या शत्रूची सवयच नव्हती. सान मिगेल आणि सांता रोसा या बेटांवर प्रत्येकी अवघी १५ खोकडे उरली. त्याच सुमारास, १९९९ मध्ये, सांता कॅटलिना बेटावर डिस्टेंपरची साथ आली आणि तेथील सुमारे १३०० खोकडांपैकी १०० च्या आसपास वाचली.

उपायही साखळीनेच झाले. उरलेली खोकडे पिंजऱ्यात घेऊन त्यांची पैदास केली, सोनेरी गरुड जिवंत पकडून दूर सोडले, २००२ पासून बाल्ड ईगल परत आणले, डुकरे बेटावरून पूर्णपणे काढली आणि खोकडांना लसी टोचल्या. २००४ मध्ये चार उपजाती अमेरिकेच्या संकटग्रस्त जाती कायद्याखालील संकटग्रस्त यादीत गेल्या होत्या. २०१६ मध्ये त्यांतल्या तीन यादीतून बाहेर आल्या आणि चौथीचा धोका एका पायरीने कमी झाला. त्या कायद्याखाली कोणताही सस्तन प्राणी इतक्या लवकर सावरला नव्हता.

मुख्य भूमीवरील करड्या खोकडाला धोका आहे का?

संपूर्ण जातीचा विचार केला तर तिची नोंद निर्धोक गटात होते. पण या शब्दाने समाधान मानू नये. आयोवा, इलिनॉय, इंडियाना अशा मध्य-पश्चिमेकडील राज्यांत ती गेल्या काही दशकांत बरीच कमी झाली आहे. कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. शेतीने तुकडे झालेले जंगल, वाढलेले कायोटी, परतलेले बॉबकॅट आणि रकूनांकडून येणारा डिस्टेंपर यांचा एकत्र भार एका छोट्या प्राण्यावर पडतो. त्याचे फर राठ असल्याने त्याला फारशी किंमत नाही, तरी सापळ्यांत पकडल्या जाणाऱ्यांची संख्या १९७० च्या दशकात मोठी होती. पुढे सापळे लावणारेच कमी झाले, त्यामुळे ते आकडे घटले तेव्हा जनावर घटले की फासेपारधी, हे पटकन कळले नाही. बेटांवरची खोकडे मोजकी आणि बंदिस्त जागेत होती म्हणून त्यांची घट डोळ्यांत भरली. खंडभर पसरलेला प्राणी जिल्ह्याजिल्ह्यातून ओसरत जातो तेव्हा तसे होत नाही.

आपल्या भारतीय खोकडाशी त्याचे काही साम्य आहे का?

आहार आणि कुटुंबपद्धती यांत बरेच. दोघेही जोडीने राहतात, किडे, उंदीर आणि फळे खातात. आपले खोकड बोरीखाली बोरे वेचते, तर तिकडचे ज्युनिपरवर चढून फळे काढते. पण आपले खोकड उघड्या माळाचे, स्वतः खोदलेल्या अनेक तोंडांच्या बिळाचे प्राणी आहे. त्याला झाडांची दाटी नको असते, आणि म्हणून माळरानावर सरसकट झाडे लावणे त्याच्यासाठी घातक ठरते. करड्या खोकडाचे नेमके उलटे आहे.

आमच्या डेकखाली मादीने पिल्ले घातली आहेत. काय करावे?

शक्य असेल तर काहीच करू नये. पिल्ले साधारण उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत ती जागा सोडून जातात. तोवर तेथे कुत्र्याला मोकळे सोडू नये, लहान मुलांना लांबूनच पाहू द्यावे, आणि प्रेमापोटी दूध, पोळी किंवा मांस ठेवू नये. खाऊ घातलेले खोकड माणसाजवळ येऊ लागते आणि मग शेजारच्या कोणाची तरी तक्रार त्याच्या जिवावर उठते. मांजराचे खाणे रात्री घरात घ्यावे. कोंबड्या असतील तर खुराड्याला वरून जाळीचे छप्पर घालावे, कारण केवळ उंच कुंपण या प्राण्याला अडवत नाही. एकटे दिसणारे पिल्लू अनाथ समजून उचलू नये. आई बहुधा जवळच्या झुडपात थांबलेली असते, आणि आपण घरात गेल्याशिवाय ती बाहेर येत नाही.